ऐकून होकार देईल तो वापरकर्ता

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. ताईच्या गावाहून, बीबीहून निघून चिखलीला गाडी बदलली, बुलढाण्याला बदलली, राजूर घाटात पोटातला चहा वर येतोय की काय असं झालं, आणि मोताळ्यावरून धामणगाव बढेला उतरले तेव्हा केसांत इतकी धूळ होती की मालकांनी, माणिकरावांनी आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं.

समीक्षा, एलएलबी. आमच्या घरातली पहिली वकील आणि पगारावर लागलेलीही पहिलीच. ताईनं निघताना ही वही दिली. तिचं म्हणणं, नोकरीचं सगळं लिहून ठेव, माझं झालं की वाचून दाखव. तिचे दिवस भरत आलेत. आई गेल्यापासून माझं सगळं तिनंच केलं, त्यामुळे बाळंतपणात तिच्या उशाशी मी असणार हे तिच्या लग्नातच ठरलेलं आहे. माणिकरावांना तसं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. ते म्हणाले, जाय ना, कोन अडोते तुले.

काम मजेशीर आहे. खाली त्यांचं खतांचं दुकान, वर होस्टिंगचा धंदा. दुकानदाराची, मंगल कार्यालयाची, शाळेची वेबसाईट कुठल्या तरी यंत्रावर ठेवावी लागते. ती यंत्रं यांच्याकडे वरच्या थंड खोलीत कपाटासारखी उभी आहेत. मोताळा, मलकापूर, खामगावपर्यंतची गिऱ्हाइकं. सेवा कधी म्हणजे कधी बंद पडत नाही अशी ख्याती. फक्त सेवेच्या अटी धड लिहिलेल्या नाहीत. त्या मी लिहायच्या.

इमारत नवी कोरी आहे, फरशी चकचकीत. राहायची खोली सर्व्हरच्या खोलीला लागून. माणिकरावांच्या बायकोनं, मंजुळाकाकूंनी, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी अशी वाढली की मी तिसरी भाकरी मागताना लाजलेसुद्धा नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथली एक पद्धत मला फार आवडली. बाकी सगळीकडे वेबसाईटवर 'मला अटी मान्य आहेत' असा चौकोन असतो आणि माणूस न वाचता त्यावर टिचकी मारतो. माणिकरावांना ते चालत नाही. ते गिऱ्हाइकाला समोर बसवतात किंवा फोनवर घेतात, एकेक अट मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक अटीला त्याच्याकडून 'हाव', म्हणजे आपलं 'हो', म्हणवून घेतात. न वाचलेल्या कागदावरच्या सहीला काय अर्थ, असा त्यांचा सवाल आहे. आमच्या कॉलेजात तीन वर्षांत संमतीवर जे शिकवलं नाही ते या खतवाल्यानं चहा पिता पिता सांगितलं.

काकू म्हणाल्या, ही जागा पूर्वी बैलबाजाराची. सौदा इथंच पक्का व्हायचा. इथं एकदा हाव म्हटलं की कोणी माघारी गेलं नाही. मी म्हटलं, चांगलीच परंपरा आहे की. त्या पातेलं घासत राहिल्या.

सर्व्हर बघायला ज्ञानेश्वर नावाचा माणूस आहे, साखरखेर्ड्याचा. पस्तिशीचा असेल. कामात हुशार, बोलण्यात कंजूष. काहीही विचारा, मान हलवतो. आज संध्याकाळी खाली उतरला, मागच्या अंगणातल्या लिंबाखाली नळाजवळ उभा राहिला आणि परत वर आला. त्याची सहल तेवढीच असावी. जुन्या अटी त्यानंच लिहिल्यात म्हणे. वाचल्या. अरेरे. नुसत्या चाळणीसारख्या, कुठूनही माणूस निसटेल.

९ नोव्हेंबर, रविवार

मसुदा झाला. दहा अटी. स्वतःची पाठ स्वतःच थोपटावी असं काम झालंय.

पहिली अट व्याख्येची: वापरकर्ता म्हणजे या जागेत या अटी ऐकून प्रत्येक अटीस होकार देईल तो. मग फोनवरच्याचं काय, असं मी विचारलं, तर माणिकराव म्हणाले, फोनवाल्याले राहू दे वेगळं, हे इथं येनाऱ्यासाठी. तिसरी: वापरकर्ता व त्याच्याजवळ जे जे असेल ते या इमारतीतच ठेवले जाईल, बाहेर नेता येणार नाही. चौथी जागेची: ठरलेली जागा भरली की जुने पुसून नव्यासाठी जागा केली जाईल. पाचवी: एका वापरकर्त्यास दुसऱ्याच्या होकाराच्या आड येता येणार नाही. सहावी: वापरकर्त्याने पाठवलेला मजकूर कंपनीस बाधक असल्यास कंपनी तो बदलू शकेल. आठवी: अटी बदलण्याचा अधिकार फक्त कंपनीचा, आणि नव्या अटी जुन्या वापरकर्त्यांसही लागू.

नववीची कल्पना त्यांची. कोणी वापरकर्ता मेला, आजारी पडला तर? मी लिहिलं: वापरकर्ता उपयोगाचा न राहिल्यास त्याने सांगितलेली व्यक्ती अटी ऐकून, होकार देऊन त्याच्या जागी येईल, व पहिला मोकळा होईल. नमुना म्हणून त्यांनी मलाच विचारलं, तुह्या जागी कोन येईन? मी म्हटलं, अजून कोण, अश्विनीताई. ते हसले. मीही हसले. दहावी अट मुदत संपली की आपोआप पुढे चालू राहण्याची, ती सगळेच घालतात.

मग त्यांनी चष्मा लावला आणि कानाला कसं लागतं ते पाहू म्हणून मसुदा मोठ्यानं वाचला. आवाज चांगला आहे त्यांचा. आमच्या आजोबांची, आबांची आठवण झाली. आबा गोष्ट सांगायचे तेव्हा ऐकणाऱ्यानं हुंकार दिलाच पाहिजे, नाही दिला की गोष्ट तिथंच बंद. ताईच्या आणि माझ्या ती सवय हाडीमाशी खिळलीय. ताई तर फोनवर गॅसवाल्याशी बोलतानाही दर वाक्याला 'हाव' म्हणते. माणिकराव वाचत गेले आणि मी आपली प्रत्येक अटीला हाव, हाव करत गेले. शेवटच्या अटीला ज्ञानेश्वर दारात आला. त्याच्या हातातला कप फुटला.

माणिकरावांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, बेस झालं वकीलबाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्ञानेश्वर माझ्याशी बोलत नाही. आधीही बोलत नव्हता, पण आता पाहतही नाही. पाच दिवसांपासून खाली नळावर गेलेला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जातो, उभा राहतो, परत येतो. तब्येत बरी नसेल.

एक गोष्ट लक्षात आली. या घरात कोणी 'हाव' म्हणतच नाही. काकूंना विचारलं, मीठ हवं का, मान हलली. माणिकरावांना विचारलं, रविवारी बीबीला जाऊ का, मान हलली. होय का नाही हेही धड कळत नाही. विदर्भात राहून हाव न म्हणणं म्हणजे कमाल आहे.

ताईचा फोन होता. पाय सुजलेत म्हणे. रविवारी येतेच म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी पिशवी भरली. ताईसाठी मेथीचे लाडू काकूंनी दिले होते. जिना उतरले. दुकानाच्या शटरपाशी आले, बाहेर ऊन दिसत होतं, समोरून कापसानं भरलेला टेम्पो गेला. मी पाय बाहेर टाकला. आणि मी माझ्या खुर्चीत बसलेली होते. वर, टेबलाशी. पिशवी मांडीवर. चपला पायात.

झोप लागली असेल असं वाटलं. पुन्हा उतरले. पुन्हा खुर्ची. मागच्या दारानं गेले. खुर्ची. चपला काढून, धावत, शेवटी डोळे मिटून गेले. माणिकराव दुकानात पोती मोजत होते. प्रत्येक वेळी त्यांनी वर पाहिलं आणि कामाला लागले.

दुपारी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ते रागावले नाहीत. म्हणाले, पोरं चार महिने राह्यतात अन् पुण्याले पळतात. मी शिकोतो, जेवू घालतो, अन् ते पळतात. मंग यंत्रं कोन पाह्यल? तूच लिहिलं ना बाई, वापरकर्ता याच इमारतीत. हाव तूच म्हनली. म्या काय तुह्या तोंडात घातलं?

मी म्हटलं, मी सवयीनं म्हटलं. ते म्हणाले, बैल इकनाराही सवयीनंच म्हने.

मला भीती वाटतेय. दुसरा शब्द नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला फोन केला. सगळं सांगितलं, एका दमात. इमारत, अटी, खुर्ची, दाजींना पाठव, पोलिसांना सांग. ती हाव, हाव करत ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, चांगलं झालं वं, मले वाटलं तुले करमते की नाही. काकू भाकरी चांगली करते म्हन.

मी पुन्हा सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, तीन तीन भाकरी खाऊन राह्यली का?

सहावी अट. पाठवलेला मजकूर कंपनी बदलू शकेल. लिहून पाठवलं तेही तसंच जातं, मी पाहिलं. ही वही तेवढी राहिली, कारण ही मी कुणाला पाठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज ज्ञानेश्वर बोलला. सर्व्हरच्या खोलीत, यंत्रांच्या घरघरीत. त्यानंही असंच लिहिलं होतं, असंच हाव म्हटलं होतं. पण त्याच्या अटी ढिल्या होत्या, इमारतीत मागचं अंगणही धरलं जायचं. अंगण आपलं, नळ आपला, लिंबाची सावली आपली. त्याची म्हातारी आई कधी तरी साखरखेर्ड्याहून येऊन कुंपणाशी उभी राहायची आणि तो लिंबाखालून तिला पाहायचा. एवढं त्याला पुरत होतं.

तुह्या अटीत भोकच नाही वं, म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

नव्या अटी जुन्या वापरकर्त्यांसही लागू. आठवी. मी लिहिली, आणि किती खूश होते लिहिताना. त्याचं अंगण मी काढून घेतलं. त्याच्या पाया पडले. त्यानं पाय मागे घेतले.

अटी बदलायला बसले. मसुदा उघडतो. बोटं टेबलावरून उचलवत नाहीत. अधिकार फक्त कंपनीचा.

३ डिसेंबर, बुधवार

काल ताईला मुलगी झाली. दाजींनी फोटो पाठवला. डोकंभर केस.

मी तिच्या उशाशी नव्हते. ती दाजींना म्हणाली म्हणे, समीले काम असन, तिले रागवू नका.

दिवसभर जिना उतरले. मोजलं नाही कितीदा. काकू शेवटी पायरीवर येऊन बसल्या आणि पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाल्या, जेवून घे माय. त्यांना विचारलं, तुम्हीसुद्धा? त्यांनी मान हलवली. लग्नात सातव्या पावलाला हाव म्हनलं होतं, म्हणाल्या. याच जागेवर मांडव होता.

१३ डिसेंबर

आईचा चेहरा आठवेना.

साडी आठवते, हिरवी. आवाज आठवतो. चेहऱ्याच्या जागी काही नाही. चौथी अट — जागा भरली की जुने पुसून. इथली गिऱ्हाइकं, पासवर्ड, कुणाच्या मंगल कार्यालयाच्या साईटची मुदत कधी संपते, सगळं डोक्यात येऊन बसतं, आणि मागचं जातं.

वहीची पहिली पानं वाचली. राजूर घाट असं लिहिलंय. मी त्या घाटातून आले होते?

२५ डिसेंबर

काम बरं चाललंय, असं माणिकराव म्हणतात. सेवा बंद पडत नाही.

आबांचं नाव गेलं. कॉलेज गेलं. ताई आहे. रोज सकाळी उठून आधी ताई म्हणते, आहे की नाही पाहते. आहे.

४ जानेवारी

ज्ञानेश्वरनं नवव्या अटीची आठवण करून दिली. तुह्या जागी बहीण आली तं तू सुटशीन. त्याच्या जागी येणारं कुणी नाही, त्याच्या आईचं नाव त्यानं कधी सांगितलंच नाही माणिकरावांना.

मी सांगितलं. हसत हसत.

क्षणभर — लिहितेच, खोटं कशाला — क्षणभर मला बरं वाटलं. सुटेन असं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली.

७ जानेवारी

ताईचा फोन. सव्वा महिना होतोय. बाळाला घेऊन येते म्हणाली, तुले वेळ नाही तं आम्हीच येतो. माणिकरावांनी तिला फोन केला होता म्हणे. समीक्षाची तब्येत बरी राहत नाही, या एकदा.

मी ओरडले. येऊ नको. येऊ नको ताई.

ती म्हणाली, हाव वं, येतेच म्हनलं ना. रविवारी.

१० जानेवारी

शटरला आतून कुलूप लावलं. काकूंनी काढलं. रडत काढलं, पण काढलं.

विजेचं मुख्य बटण बंद केलं. इन्व्हर्टर चालू झाला. सेवा बंद पडत नाही.

माणिकरावांच्या पाया पडले. मी राहते, म्हटलं, जन्मभर राहते, तिला बोलावू नका. म्हणाले, तू तं हायेसच बाई. पन तुह्यावाली जागा भरत आली. काल दोन साईट बंद पडल्या तुह्या हातून. मले ताजं मानूस पाह्यजे.

११ जानेवारी, रविवार. सकाळ

गाडी आली. दाजी उतरले, ताई उतरली. लाल शाल, त्यात बाळ. ताई जाडी झालीय. वर पाहून हात हलवला. मी काचेवर मुठी मारल्या. तिनं बाळाचा हात धरून हलवला, मावशीला टाटा.

दाजींना माणिकरावांनी दुकानात चहाला बसवलं. ताईला वर आणताहेत.

ती मिठी मारून रडली. किती वाळली वं, म्हणाली. मी तिच्या कानात सांगतेय — पळ, पळ, पळ — आणि ती म्हणते, हाव, मलेही तुही लय आठवन येत होती.

वही दाखवली. पानं तिच्या हातात दिली. ती वाचून हसली, म्हणाली, अक्षर अजूनही कोंबडीवानी. तिला काय दिसलं देव जाणे. तिच्या हातात दिलं की पाठवलेलंच ते.

माणिकरावांनी चष्मा लावला. बहिणीनं काय काम केलं ते ऐका ना, म्हणताहेत. तिनंच लिहिलं. ताईला केवढा अभिमान. मांडी घालून बसली.

पहिली अट. हाव.

दुसरी. हाव.

तिसरी. वापरकर्ता व त्याच्याजवळ जे जे असेल ते — बाळ तिच्या मांडीवर आहे — जवळ — मी लिहिलं, जे जे — हाव.

तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले. खुर्ची. मी खुर्चीत.

बाळ रडायला लागलं. ताईला ऐकू जाईना. माणिकराव थांबले. ऐकून होकार, ऐकूनच — रड बाळा, रड माझे आई, रड —

काकूंनी बाळ घेतलं. खांद्यावर टाकलं. थोपटलं.

गप्प झालं. ताईनं परत मागून घेतलं, जवळ.

सातवी. हाव. आठवी. हाव. नववी —

११ जानेवारी. दुपार

मी रस्त्यावर आहे.

ऊन आहे. चपला पायात. वही हातात. कापसाचा टेम्पो गेला, मी मागे सरले आणि मागेच राहिले, खुर्ची नाही. आईचा चेहरा परत आला. ताईसारखाच होता. सगळं परत आलं, घाटसुद्धा.

दाजी शटरपाशी उभे, विचारताहेत, अश्विनी काऊन उतरून नाही राह्यली? वरच्या खिडकीत लाल शाल. ताई काचेला हात लावून उभी आहे. तिला अजून कळलेलं नाही. हसतेय.

बस येईल आता. मोताळ्याची. हात केला तर थांबेल.

शटरच्या पायरीवर बसून लिहितेय. माणिकराव खाली आलेत; त्यांना म्हटलं, पुन्हा वाचा. ताईनं तिच्या जागी माझं नाव सांगितलंय, सांगणारच, दुसरं कुणाचं सांगेल? मी जाते आत. ती अन् बाळ बाहेर. डोकं माझं आता रिकामं आहे, पुष्कळ जागा आहे, चालेन मी.

ताई सुटेल ना, विचारलं. बाळही?

त्यांनी मान हलवली.

हाव म्हणा, म्हटलं. तुम्ही एकदा हाव म्हणा, मग वाचा.

मान हलवली. चष्मा लावला.

मला माहीत आहे ते म्हणणार नाहीत. कधीच म्हणत नाहीत. बस आली. थांबली. दार उघडलं. वर बाळ रडतंय.

वाचताहेत. वापरकर्ता म्हणजे या जागेत या अटी ऐकून —

हा